पोटाचा घेर आणि नाडीचा ताल

(संस्थेच्या पालक मेळाव्यात एका डॉक्टरांनी दिलेले व्याख्यान)



पालकांच्या मेळाव्यात डॉक्टरला बोलावले म्हणजे तो मुलांच्या दातांविषयी किंवा डोळ्यांविषयी बोलणार, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. आज मी मुलांविषयी नव्हे, तर मुलांच्या आईवडिलांविषयी आणि आजी-आजोबांविषयी बोलणार आहे. माझा विषय आहे वजनाचा आणि हृदयाच्या तालाचा संबंध. अंगावरच्या चरबीमुळे हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, हे आता बहुतेकांना ऐकून माहीत आहे. परंतु त्याच चरबीमुळे हृदयाच्या ठोक्यांचा ताल बिघडतो आणि त्या बिघडलेल्या तालातून अर्धांगवायू होऊ शकतो, ही गोष्ट चांगल्या सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते. घरातील कर्ता माणूस एकदा अंथरुणाला खिळला म्हणजे त्या घरातील मुलांच्या शिक्षणाचे काय होते, हे येथे बसलेल्या शिक्षकांना मी सांगायला नको. म्हणून हा विषय या व्यासपीठावर परका नाही, असे मी मानतो.

प्रथम निरोगी हृदय कसे चालते ते थोडक्यात पाहू. हृदय म्हणजे साधारण मुठीएवढा, स्नायूंचा बनलेला पंप. त्याला चार कप्पे असतात. वरच्या दोघांना अलिंद म्हणतात, खालच्या दोघांना निलय. वरच्या कप्प्यांत रक्त येऊन जमते आणि खालचे कप्पे ते फुफ्फुसांकडे व सर्व शरीरभर ढकलतात. हे काम दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा होते. या ठोक्याचा हुकूम कोठून सुटतो? उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या दोघांनी १९०७ साली तो शोधून काढला. तेथून विजेची एक सूक्ष्म लहर निघते, आधी वरच्या कप्प्यांत पसरते, मधल्या केंद्रापाशी किंचित थांबते आणि मग खालच्या कप्प्यांत उतरते. शाळेच्या मैदानावर कवायत चालते, तसाच हा प्रकार आहे. शिक्षकांची शिट्टी एक, आणि तिच्या तालावर सर्व मुलांचे हात एकदम वर.

आता समजा, त्या मैदानावर एका शिट्टीऐवजी पन्नास शिट्ट्या पन्नास कोपऱ्यांतून वाजू लागल्या. मुले हात वर करतील की खाली? सगळाच गोंधळ. हृदयाच्या वरच्या कप्प्यांत असा गोंधळ होतो, त्याला डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. आपण त्याला अलिंदांची थरथर म्हणू. या अवस्थेत वरच्या कप्प्यांत मिनिटाला ३५० ते ६०० लहरी उठतात. कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. मधले केंद्र दरवानासारखे उभे असते आणि त्यांतल्या बऱ्याच लहरी अडवते. परंतु ज्या खाली उतरतात, त्या कशाही, कोणत्याही क्षणी उतरतात. म्हणून नाडी कधी भराभर, कधी सावकाश, कधी जोरात, कधी मंद लागते. तिच्यात कसलाच हिशेब राहत नाही.

काहींना यामुळे छातीत धडधड होते, दम लागतो, चक्कर येते, जिना चढताना थकवा येतो. पुष्कळांना मात्र काहीच जाणवत नाही, आणि खरा धोका तेथेच आहे. डाव्या अलिंदाला कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी असते. कप्पा नीट आकुंचन पावत नाही तेव्हा या पिशवीत रक्त साचून राहते, आणि साचलेल्या रक्ताची गुठळी बनते. ती गुठळी सुटून मेंदूकडे गेली, तर तेथील रक्तवाहिनी बंद होते आणि माणसाचे अर्धे अंग जाते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रेमिंगहॅम नावाचे एक गाव आहे. तेथील रहिवाशांच्या हृदयाचा अभ्यास १९४८ साली सुरू झाला आणि पुढे त्यांच्या मुला-नातवंडांपर्यंत चालू राहिला. ही थरथर असलेल्या माणसाला अर्धांगवायूचा धोका सुमारे पाच पट असतो, असे त्या अभ्यासातून १९९१ साली मांडण्यात आले.

यात वजनाचा संबंध कोठे येतो? त्याच फ्रेमिंगहॅममधील ५,२८२ स्त्री-पुरुषांवर सरासरी पावणेचौदा वर्षे लक्ष ठेवून २००४ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. या काळात ५२६ जणांना अलिंदांची थरथर सुरू झाली. वजन आणि उंची यांवरून स्थूलतेचा जो निर्देशांक काढतात, ज्याला बीएमआय म्हणतात, तो एका अंकाने वाढला की थरथरीचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढत होता. स्थूल माणसांत हा धोका सडपातळ माणसांपेक्षा जवळजवळ दीडपट होता. संशोधकांनी मग डाव्या अलिंदाचा आकार हिशेबात घेतला, तेव्हा वजनाचा वेगळा परिणाम उरला नाही. याचा अर्थ असा की, वजन वाढते तसा डावा अलिंद ताणला जातो, आणि ताणलेल्या अलिंदाचा ताल बिघडतो.

हे ताणले जाणे कसे घडते, ते समजून घेण्यासारखे आहे. शरीर जड झाले की त्याला रक्त जास्त लागते. हृदयाला रोज जास्त रक्त ढकलावे लागते. जोडीला रक्तदाब वाढतो आणि मधुमेह येतो, आणि या दोहोंमुळे हृदयाच्या भिंती ताठर होतात. मागे साचणारा दाब शेवटी वरच्या कप्प्यावर येतो. दुसरी वाट झोपेतून जाते. गळ्याभोवती चरबी साठली की झोपेत घसा मिटतो, श्वास काही सेकंद अडतो आणि मग माणूस धापकन श्वास घेतो. रात्रभर असे शेकडो वेळा होऊ शकते. प्रत्येक वेळी रक्तातील प्राणवायू उतरतो आणि अलिंदाच्या पातळ भिंतीला हिसका बसतो. घोरणे म्हणजे गाढ झोप, असा आपल्याकडे एक समज आहे. घोरता घोरता ज्याचा श्वास मध्येच बंद पडतो, त्याची ती झोप विश्रांतीची मुळीच नव्हे.

तिसरी वाट हृदयावरच्या चरबीची. होय, खुद्द हृदयावरही चरबी असते. प्रत्येकाच्याच असते, आणि थोडी असली तर ती उपयोगाची असते. परंतु ही चरबी आणि हृदयाचा स्नायू यांच्यामध्ये पडदा नसतो. ती वाढली की तिच्यातून दाह निर्माण करणारी द्रव्ये थेट स्नायूत झिरपतात. चरबीच्या पेशी स्नायूंच्या तंतूंमध्ये घुसतात, आणि तेथे चिवट, तंतुमय, वणासारखी जाळी तयार होते. विजेची लहर सरळ जाण्याऐवजी अडखळत, वळसे घेत जाते, आणि भलत्याच ठिकाणी फिरत राहते. मैदानावरच्या पन्नास शिट्ट्या त्या याच. फ्रेमिंगहॅमच्याच लोकांची सीटी स्कॅनने तपासणी करून २०१० साली असे दाखवण्यात आले की, हृदयाभोवतीची चरबी जास्त असेल त्यांच्यात थरथरीचे प्रमाण जास्त आहे, आणि एकूण वजनाचा हिशेब बाजूला काढला तरीही हा संबंध टिकतो.

तेव्हा चरबी किती आहे, एवढाच प्रश्न नाही. ती कोठे बसली आहे, हाही प्रश्न आहे. फ्रान्समधील मार्सेय येथील डॉक्टर जाँ व्हाग यांनी १९४७ सालीच हा भेद मांडला होता. काहींची चरबी नितंबांवर आणि मांड्यांवर साठते, काहींची पोटावर. आणि मधुमेह व रक्तवाहिन्यांचे विकार दुसऱ्या प्रकारच्या लोकांत अधिक दिसतात, असे त्यांचे म्हणणे होते. हृदयावरची चरबी आपल्याला बाहेरून दिसत नाही. पण पोट सुटलेल्या माणसाच्या हृदयावरही ती बहुधा अधिक असते, आणि पोटातील चरबी रक्तदाब व मधुमेह यांना आमंत्रण देते ते वेगळेच. म्हणून पोटाचा घेर ही आतल्या परिस्थितीची बाहेरची खूण समजावी. अर्थात तालाच्या बाबतीत एकूण वजनही तितकेच महत्त्वाचे आहे. वजनकाटा आणि फीत, दोन्ही हवीत.

फीत आपल्या लोकांना अधिक का हवी, याचे उत्तर पुण्यात मिळाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांची एक माहिती २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छायाचित्रासह छापून आली. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, म्हणजे २२.३. कोणत्याही कोष्टकात दोघेही सडपातळ. परंतु शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजन तेच, उंचीशी प्रमाण तेच आणि चरबी दुपटीहून जास्त! पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचीही गोष्ट अशीच निघाली. त्यांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो आणि इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंनी आणि हाडापेराने लहान होती, पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीदार, अशी ही आपली ठेवण आहे. म्हणूनच भारतीयांसाठी पोटाच्या घेराची मर्यादा कडक ठेवली आहे. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर.

आपल्याकडे पोट सुटलेल्या माणसाला ‘खात्यापित्या घरचा’ म्हणतात. लग्नानंतर जावयाचे पोट वाढले की सासूबाईंना समाधान वाटते. दुष्काळ आणि टंचाई पाहिलेल्या पिढ्यांची ही भाषा आहे, तिला मी हसत नाही. पण काळ पालटला आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत प्रथमच लोकांच्या कमरेची मापे घेतली गेली. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के बीएमआयप्रमाणे जादा वजनाच्या किंवा स्थूल ठरल्या. फितीने मोजल्या तेव्हा मात्र सुमारे ४० टक्के स्त्रियांचे पोट मर्यादेबाहेर निघाले. आपल्या बहिणी, आपल्या बायका, आपल्या आया यांच्यापैकी कितीतरी जणींना वजनकाट्याने निर्दोष ठरवले आणि फितीने ठरवले नाही, असा याचा अर्थ.

येथे एक गैरसमज होऊ देऊ नये. ताल बिघडलेला प्रत्येक माणूस स्थूल असतो, असे नाही. आपल्या देशात याचे एक जुने कारण अजून शिल्लक आहे. लहानपणी घसा दुखून ताप येतो, मागाहून सांधे सुजतात, आणि हृदयाची झडप कायमची बिघडते. या ऱ्हुमॅटिक तापाने तरुण, किडकिडीत मुलामुलींचेही अलिंद ताणले जातात. म्हणून घसादुखीनंतर मुलाचे सांधे दुखू लागले, तर शिक्षकांनी आणि पालकांनी ते अंगावर काढू नये. थायरॉइड ग्रंथीचा अतिरेक, दारू आणि वाढते वय ही आणखी कारणे. तेव्हा बारीक माणसाने निश्चिंत राहू नये, आणि जाड माणसाला कोणी दोष देऊ नये. लठ्ठपणाची टिंगल करून आजवर कोणाचे वजन उतरलेले नाही.

आता यातील आशेची बाजू सांगतो. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरातील डॉक्टरांनी ज्यांना ही थरथर होती आणि वजनही जास्त होते, अशा १५० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला वजन उतरवण्यासाठी नेटाने मदत केली, दुसऱ्याला साधारण सल्ला दिला. पहिल्या गटाचे वजन सरासरी सुमारे १४ किलोंनी उतरले आणि त्यांचा त्रासही स्पष्टपणे कमी झाला. हे २०१३ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१५ साली त्याच शहरातील ३५५ रुग्णांचा पाच वर्षांपर्यंतचा वृत्तान्त आला. ज्यांनी आपल्या वजनाचा दहावा हिस्सा किंवा अधिक कमी केला आणि तो कमीच ठेवला, त्यांच्यापैकी सुमारे ४६ टक्के लोकांचा ताल औषधांशिवाय आणि शस्त्रक्रियेशिवाय ठीक राहिला. ज्यांचे वजन जवळजवळ उतरलेच नाही, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे १३ टक्के होते. या दुसऱ्या पाहणीत चिठ्ठ्या टाकून गट केलेले नव्हते, हे लक्षात ठेवले पाहिजे. परंतु दोन्हींचा रोख एकच आहे.

त्यातच आणखी एक गोष्ट आढळली, आणि माझ्या मते आपल्यासाठी तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ज्यांचे वजन सारखे खाली-वर होत राहिले, पाच टक्क्यांहून अधिक हेलकावे खात राहिले, त्यांचा फायदा बराचसा वाया गेला. आपल्याकडे वजन उतरवण्याची रीत कशी असते? रमजानच्या महिन्यात एक-दीड किलो उतरते आणि ईदनंतर शीरखुर्मा व दावतींबरोबर ते परत येते. शेजारच्या हिंदू घरांत श्रावणाचे उपवास आणि मागाहून दिवाळीचा फराळ, यांचीही हीच कथा. लग्न ठरले की मुली महिनाभर उपाशी राहतात. रोजा किंवा उपवास हा श्रद्धेचा भाग आहे, त्याला वजन उतरवण्याचा उपाय समजण्याचे कारण नाही. पण त्या महिन्यात जिभेवर जो ताबा येतो, त्यातला थोडा पुढच्या अकरा महिन्यांत टिकवला, तर हृदयाचे कल्याण होईल. महिन्याला अर्धा-एक किलो उतरावे, पण उतरलेले परत चढू नये. ऐंशी किलोच्या माणसाला वर्षभरात आठ किलो म्हणजे दहावा हिस्सा झाला.

काय करावे, ते आता अगदी साधेपणाने सांगतो.

पहिली गोष्ट दोरीची. आपल्या उंचीएवढी दोरी घ्या, तिची मधोमध घडी घाला आणि ती दुहेरी दोरी बेंबीच्या पातळीवर पोटाभोवती गुंडाळा. श्वास रोखून पोट आत ओढू नका. दोन टोके मिळाली तर ठीक. मिळाली नाहीत, तर तुमच्या पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे, आणि काळजी घेण्याची वेळ आली आहे. याला ना काटा लागतो ना कोष्टक. सातवीतला मुलगाही घरातल्या सर्वांची अशी मोजणी करू शकेल.

दुसरी गोष्ट नाडीची. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटावर तीन बोटे ठेवा आणि घड्याळ पुढे ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. पाच मिनिटे स्वस्थ बसल्यानंतर मोजावी. ६० ते १०० हा साधारण आकडा. पण आकड्यापेक्षा ताल पाहा. घड्याळाच्या टिकटिकीसारखी नाडी नियमित लागते का? श्वासाबरोबर होणारा किंचित फरक किंवा एखादा चुकलेला ठोका याने घाबरू नये. पण ठोक्यांमध्ये कसलाच मेळ लागत नसेल, तर डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढावा. निदान ईसीजीनेच होते, बोटांनी होत नाही. पासष्टीच्या पुढच्या प्रत्येक माणसाची आणि रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांची नाडी घरात अधूनमधून पाहिली जावी.

तिसरी गोष्ट औषधांची. निदान झाल्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टर गोळी देतात. बरे वाटते म्हणून, किंवा शेजाऱ्याने सांगितले म्हणून, ती बंद करू नये. तिच्याऐवजी ॲस्पिरिन घेऊन काम भागत नाही. वजन उतरले, धडधड थांबली, तरी ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायची नाही. ज्यांना रोजे ठेवायचे आहेत त्यांनी रमजानच्या आधीच डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. आणि घरात कोणाचे तोंड एकाएकी वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर तेल चोळत बसू नये. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. माणसाला थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे.

चौथी गोष्ट चालण्याची. आठवड्यात पाच दिवस अर्धा तास जरा झपझप चालावे. चहातली साखर कमी करावी, चहाबरोबरची खारी आणि बिस्किटे कमी करावीत. बिर्याणी सणाची राहू द्यावी, तिला आठवड्याचा नेम करू नये. भात निम्मा करून त्या जागी भाजी, डाळ आणि मासळी वाढवावी. तळलेली नव्हे, कालवणातली.

शेवटी संस्थेच्या चालकांना एक विनंती करतो. पुरुष माणूस सकाळी रस्त्यावर चालायला निघतो, त्याला कोणी काही विचारत नाही. आपल्या वस्त्यांतील स्त्रीने मात्र कोठे चालावे? गल्लीत जागा नाही, रस्त्यावर संकोच, गच्ची सर्वांची. चाळीस टक्क्यांचा जो आकडा मी मघाशी सांगितला, त्यात घरकामाला व्यायाम समजण्याच्या आपल्या सवयीचाही वाटा आहे. शाळेचे मैदान शाळा भरण्यापूर्वी तासभर रिकामे असते. तो एक तास मुलींच्या आयांसाठी आणि आजींसाठी राखून ठेवावा. फाटक उघडायला शिपाई आणि बसायला दोन बाके, एवढाच खर्च. त्याच मैदानावर वर्षातून दोनदा विद्यार्थ्यांनी आपल्या पालकांची दोरीने आणि नाडीने तपासणी करावी. विज्ञानाच्या पुस्तकात हृदयाचा जो पाठ आहे, तो मुलांना मग वेगळा शिकवावा लागणार नाही.

 आता घरी जाण्यापूर्वी शेजारी बसलेल्या माणसाची नाडी एक मिनिट पाहावी, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.